पार्लरचे दर आणि ऑफर: बडोद्यातल्या लहान पार्लरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं एक-दोन खुर्च्या, फेशियलचा एक बेड आणि जास्तीत जास्त एक मदतनीस असलेल्या पार्लरसाठी आहेत. दांडिया बाजारातलं घरगुती पार्लर असो, मांजलपुरातला गाळा असो, आकडेमोड तीच राहते. उदाहरणातले आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. वही घ्या आणि त्या जागी स्वतःचे आकडे भरा.

दर ठरवायची सुरुवात कुठून करायची? शेजारच्या पार्लरचा बोर्ड बघून पाच-दहा रुपये कमी ठेवले तर नाही का चालत?

नाही चालत. शेजारणीचा गाळा स्वतःचा असेल, तिला भाडं नसेल, तिची मुलगीच हाताखाली असेल. तिच्या दरात तिचा खर्च आहे, तुमचा नाही.

आधी तुमच्या एका मिनिटाचा खर्च काढा. समजा महिन्याला भाडं १२,०००, मदतनीस मुलीचा पगार ११,०००, वीज ३,५००, टॉवेल धुणं आणि पाणी १,२००, फोन-इंटरनेट ७००, मशीन-खुर्च्यांची झीज आणि दुरुस्ती १,६००. हे झाले ३०,०००. यात तुमचा स्वतःचा पगार २०,००० धरा. तो धरायचाच. बहुतेक जणी इथेच चुकतात. "उरेल तो माझा" असं म्हणतात आणि मग काही उरत नाही. एकूण ५०,०००.

आता वेळ. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, दोघींचे हात म्हणजे ४१६ तास, अर्थात २४,९६० मिनिटं. पण दोघीही दिवसभर कामात नसतात. लहान पार्लरमध्ये निम्मा वेळ भरला तरी बरं म्हणायचं. तर १२,४८० मिनिटं. ५०,००० भागिले १२,४८०, म्हणजे मिनिटाला साधारण ४ रुपये. हा ४ चा आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे.

विजेचं बिल मात्र एका महिन्याचं धरू नका. मे महिन्यात एसी दिवसभर चालतो, जानेवारीत बंदच असतो. बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागा.

माल किती लागतो हे कसं मोजायचं? अंदाजाने धरलं तर?

अंदाज नेहमी कमीच निघतो. किचनचा डिजिटल वजनकाटा आणा. वॅक्सचा डबा कामाआधी आणि कामानंतर ठेवून बघा. दोन्ही हातांच्या वॅक्सला सरावलेल्या हाताला ५० ग्रॅमच्या आसपास वॅक्स लागतं, नव्या मुलीला तेच काम करायला ८० ग्रॅम लागतं. ६०० ग्रॅमचा डबा ५४० रुपयांना पडला तर ग्रॅमला ९० पैसे, म्हणजे फक्त जाड थर लावल्यामुळे दर क्लायंटमागे २७ रुपये गेले. थर जाड का लागतो? वॅक्स पुरेसं गरम नसतं म्हणून, नाहीतर त्वचा घामट असताना पावडर न लावता स्पॅट्युला फिरवला म्हणून. उन्हाळ्यात दुसरं कारण जास्त.

दोन्ही हातांचा हिशोब असा: २५ मिनिटांचे १००, वॅक्स ४५, सहा पट्ट्यांचे ९, पावडर, लोशन आणि डिस्पोजेबल ११. झाले १६५. विक्रीच्या २० टक्के नफा हवा असेल तर खर्चाला ०.८० ने भागायचं: २०६, म्हणजे २१० रुपये. खर्चावर २० टक्के चढवले तर १९८ येतात आणि नफा २० नाही, पावणेसतरा टक्केच पडतो. ही गफलत फार ठिकाणी होते.

साध्या फेशियलचा दर कसा बसवायचा?

काम ६० मिनिटांचं, पण बेड आवरणं, वाट्या धुणं, पुढचीची तयारी यांची १० मिनिटं धरून ७०. त्याचे २८०. एकदाच वापरायचं किट १५०. हेडबँड, कापूस, स्पंज, डिस्पोजेबल गाऊन २५. एकूण ४५५. ०.८० ने भागले की ५६९. बोर्डावर ६०० लावा.

एका किटमध्ये दोघींचं फेशियल उरकायचा मोह होतो, विशेषतः सूट दिलेली असली की. ते करू नका. क्रीम अर्धंच असलं की मसाज अर्ध्यात कोरडा पडतो, कातडी ओढली जाते, आणि क्लायंटला घरी गेल्यावर ते कळतं. ती तक्रार करत नाही, पण परतही येत नाही.

आयब्रोमध्ये काहीच सुटत नाही. दर वाढवू का?

वाढवा, पण थोडाच. नुसतं थ्रेडिंग सहा-सात मिनिटांत होतं. बसवणं, जेल, आरसा, "इथे अजून थोडं" धरून १० मिनिटं लागतात. ४० रुपये वेळेचे, ३ रुपये दोरा-पावडर-कापसाचे. ४० रुपये दर असेल तर दर वेळी पदरचे ३ रुपये जातात, ५० असेल तर भागतं. आयब्रोमुळे बाई दर पंधरा-वीस दिवसांनी दारात येते, म्हणून हे काम बंद करायचं नाही. त्याच्या दरात सूटही द्यायची नाही. शनिवारी संध्याकाळी आयब्रोच्या चार जणी रांगेत असतील आणि त्यामुळे फेशियलवाली परत गेली, तर खरं नुकसान ते. शनिवारी फेशियलला वेळ देऊन बोलवा, आयब्रो रांगेने करा.

२० टक्के सूट दिली तर नेमकं काय होतं?

बोर्डावर २० चा आकडा छोटा वाटतो, वहीत तो मोठा होतो. ६०० च्या फेशियलमधून माल आणि डिस्पोजेबलचे १७५ वजा केले की ४२५ हातात राहतात. यातूनच भाडं, पगार, तुमचं घर. २० टक्के सूट दिली की ४८० येतात आणि ३०५ राहतात.

महिन्याला २० फेशियल होत असतील तर आधी ८,५०० राहत होते. सूट दिल्यावर तेवढेच राहायला २८ फेशियल करावी लागतात, म्हणजे ८,५४०. आठ फेशियलची नऊ तासांहून जास्त मेहनत, आणि वर पडले ४० रुपये. ३० टक्क्यांवर दर ४२० होतो, म्हणजे ४५५ च्या खर्चाखाली.

मग सूट द्यायचीच नाही का?

द्यायची, पण रिकाम्या खुर्चीला. भरलेल्या खुर्चीला कधीच नाही.

मंगळवारी दुपारी दोन वाजता मदतनीस मुलगी मोबाइल बघत बसली आहे. भाडं चालू आहे, पगार चालू आहे. त्या वेळी फेशियल झालं तर तुमचा नवा खर्च १७५ आणि थोडी वीज, एवढाच. ४८० ला केलं तरी ३०५ नव्याने आले. तीच सूट शनिवारी सहा वाजता दिली तर ६०० देणारी बाहेर उभी राहते आणि ४८० वाली आत बसते.

म्हणून ऑफरमध्ये दिवस आणि तास आधी लिहा, टक्के नंतर: "सोमवार ते गुरुवार, दुपारी १२ ते ४". एक महिनाभर वहीत तासातासाने खुणा करा: कोणत्या वारी, कोणत्या तासाला खुर्ची रिकामी होती. प्रत्येक वस्तीचं वेळापत्रक वेगळं असतं. फतेहगंजला विद्यापीठाच्या मुली दुपारी मोकळ्या असतात, कारेलीबागेत मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया सकाळी दहा ते बारा येतात, अलकापुरीत ऑफिसवाल्या सहानंतरच. काही घरांत ठरावीक वारी केस कापत नाहीत, तेव्हा हेअरकटची ऑफर मंगळवारी ठेवली तर कोणी येणार नाही. त्या वारी फेशियल, पेडिक्युअर, वॅक्स ठेवा.

नवरात्रात ऑफर ठेवावी का? सगळेच ठेवतात.

बडोद्यात नवरात्राच्या नऊ दिवसांत संध्याकाळी पाच ते आठ ऑफर ठेवणं म्हणजे भरल्या ताटात पाणी ओतणं. गरबा रात्री रंगतो. त्याआधीच्या तीन तासांत मेकअप, केस, ओढणी लावून घेणं, सगळ्यांना एकदमच हवं असतं. त्या तीन तासांना उलट पूर्ण दर, आधी पैसे आणि वेळ ठरवून.

ऑफरची जागा त्याच्या आधीच्या पंधरवड्यात आहे. श्राद्धपक्षात पार्लर ओस असतं, पुष्कळ जणी त्या दिवसांत केस कापत नाहीत, लग्नं-समारंभ नसतात. पण बॅकलेस चोळीसाठी पाठीचा टॅन काढायचा तर तो एका बैठकीत निघत नाही. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन बैठका लागतात. पहिली श्राद्धात, दुसरी घटस्थापनेच्या दोन-तीन दिवस आधी. हे कारण खरं आहे, म्हणून ते सांगितलं की बाई येते. "पाठीचं डी-टॅन, दोन बैठका, पहिली श्राद्धपक्षात केल्यास दुसरीवर २५ टक्के कमी" अशी मांडणी करा. रिकामे दिवस भरतात आणि दुसरी बैठक आधीच बांधली जाते.

पाठ आणि हातांचं वॅक्स मात्र पंधरवडा आधी विकू नका. गरबा सुरू होईपर्यंत बारीक केस दिसायला लागतात. अगदी त्याच दिवशीही नको. ताज्या वॅक्सवर घाम, आरशांची चोळी आणि ऑक्सिडाइज्ड दागिने घासले की पुरळ उठतं. दोन दिवस आधी हा योग्य बेत. वॅक्स आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच जागी करू नये, हेही बुकिंग घेतानाच सांगा, नाहीतर "दोन्ही आजच करून टाका" म्हणून ती ऐनवेळी अडून बसते.

मेकअपसाठी नऊ दिवसांचा पास फार कमी जणी पूर्ण वापरतात आणि शेवटी परताव्यावरून वाद होतो. तीन दिवसांचा पास ठेवा. पहिले दोन-तीन दिवस तुलनेने हलके असतात, त्यातला किमान एक दिवस घेण्याची अट घाला. अष्टमी आणि शनिवार-रविवार पासमध्ये धरू नका.

वर्षात आणखी मंदी कधी असते?

डिसेंबरच्या मध्यापासून १४ जानेवारीपर्यंत कमुरता, म्हणजे आपला धनुर्मास. गुजराती घरांत तेव्हा लग्नं नसतात. उत्तरायणाचे दोन दिवस तर गाव गच्चीवरच असतं, पार्लर बंद ठेवलं तरी चालेल. मात्र १६ जानेवारीपासून दोन दिवसांच्या उन्हाचा टॅन घेऊन सगळ्या खाली उतरतात आणि लगेच लग्नसराई लागते. तेव्हा चेहरा आणि हातांच्या डी-टॅनला पूर्ण दर मिळतो. पावसाळ्यात चातुर्मास लागला की नवरीचं काम थांबतं. तेव्हा केसांची कामं पुढे करा: स्पा, कोंडा आणि गळतीसाठीची ट्रीटमेंट.

विश्वामित्री नदीला पाणी चढलं आणि बाई येऊ शकली नाही, तर ॲडव्हान्स पुढच्या तारखेला पूर्ण वळता करा. असं गावात लगेच कळतं, आणि पुढची अनेक वर्षं पुरतं.

"एकावर एक फ्री" चालते का?

दोन फेशियलचे मिळून ६०० आले, माल ३५० चा गेला, राहिले २५०, वेळ लागला १४० मिनिटं. म्हणजे मिनिटाला पावणेदोन रुपयांच्या आसपास. तुमचा खर्च ४. बंद करा.

त्याऐवजी "सोबत आलेल्या दुसरीला अर्ध्या दरात": ६०० अधिक ३००, त्यातून ३५० गेले, ५५० राहिले. मिनिटाला जवळपास ४ सुटतात. मायलेकी, जावाजावा, नणंद-भावजय अशा जोड्या यायला आवडतं, दोघी एकाच वेळी बसतात आणि दोन्ही हात कामाला लागतात. हेही फक्त सोमवार ते गुरुवार. बेड एकच असेल तर एकीचं फेशियल आणि दुसरीचं पेडिक्युअर सुरू करून नंतर जागा बदलायची.

आगाऊ पैशांचं पॅकेज कसं बांधायचं?

"पाचाचे पैसे, सहा फेशियल" हा सगळ्यात सरळ प्रकार. ३,००० मध्ये सहा म्हणजे प्रत्येकी ५००, मिनिटाला साडेचारच्या वर सुटतात. सूट साधारण पावणेसतरा टक्के पडते, तरी बाईला ती "एक फुकट" म्हणून नीट समजते.

चूक इथे होते की ३,००० हातात आले की ते त्याच महिन्यात खर्च होतात. पुढचे पाच महिने ती येत राहते, किट घ्यायला पैसे नसतात. आलेल्या पैशातले सहा किट आणि डिस्पोजेबलचे १,०५० त्याच दिवशी बाजूला काढा, वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात.

कार्डावर हे लिहिलेलं हवं: घेतल्याची तारीख, मुदत (आठ महिने पुरे), घरातल्या दुसऱ्या कोणाला वापरता येईल का, गर्दीचे कोणते दिवस वगळले. दर वेळी तारीख घालून दोघींची सही. मुदत संपायच्या महिनाभर आधी फोन करा. मुदत संपू द्यायची आणि पैसे खिशात घालायचे, असा धंदा कॉलनीत टिकत नाही. ती पंधरा दिवस उशिरा आली तर करून द्या.

नवरीच्या पॅकेजचा दर कसा लावायचा?

लग्नाच्या दिवशी तुम्ही आणि मुलगी दोघी कार्यालयात गेलात की पार्लर बंद. मेकअप, केस आणि नेसवणं मिळून अडीच तास, जाण्यायेण्याचा एक, म्हणजे २१० मिनिटं, आणि दोघींचे हात म्हणून दुप्पट. ४ रुपयांनी १,६८०. यात मेकअपचं सामान नाही, रिक्षा नाही, तुमची कला नाही. याला तळ म्हणा आणि त्यावर चढवत जा. शनिवारचा मुहूर्त असेल तर त्या दिवशी पार्लरमध्ये जो गल्ला बुडणार तोही मिळवा.

बडोद्यात मराठी आणि गुजराती दोन्हीकडची कामं येतात, आणि ती एकसारखी नाहीत. मराठी नवरीला नऊवारी नेसवणं, अंबाडा, मुंडावळ्या, नथ. मुहूर्त सकाळचा असला तर पहाटे चारला हजर राहावं लागतं. पहाटे पाचच्या आधीच्या कामाला जादा आकार ठेवा. गुजराती नवरीला पानेतर (माहेरची पांढरी-लाल साडी), मग घरचोळं (सासरची लाल साडी), आणि पदर सीधा, म्हणजे उजव्या खांद्यावरून पुढे. दोन पोशाखांच्या मध्ये टचअपला थांबावं लागतं, तो वेळ मोजा. नेसवण्याचा दर मेकअपमध्ये मिसळू नका, वेगळी ओळ लिहा. नाहीतर आयत्या वेळी आत्या, मामी, करवली, सगळ्या "मला पण जरा नेसवून द्या" म्हणत उभ्या राहतात आणि नाही म्हणता येत नाही. घरच्या बायकांसाठी दर माणशी दर आधीच कागदावर हवा.

बैठकांचं वेळापत्रक पॅकेजमध्येच द्या. डी-टॅन दीड महिना आणि पुन्हा साधारण पंचवीस दिवस आधी. शेवटचं फेशियल चार-पाच दिवस आधी, आणि त्यात नवं प्रॉडक्ट अजिबात नाही. वॅक्स, मॅनिक्युअर, पेडिक्युअर मेंदीच्या आधी उरकायचं. मेंदीवर वॅक्स ओढलं की रंग वरच्या कातडीबरोबर उतरतो. केस रंगवायचे असतील तर ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट. ट्रायल मेकअपचे पैसे वेगळे घ्या आणि बुकिंग झालं तर वळते करा. फुकट ट्रायल घेऊन दुसरीकडे बुकिंग करणाऱ्या असतात.

ॲडव्हान्स निम्मा, उरलेले पैसे हळदीच्या दिवशी. लग्नाच्या दिवशी पैसे मागायची वेळ स्वतःवर आणू नका. मुहूर्त बदलला आणि नव्या तारखेला तुम्ही मोकळ्या असाल तर ॲडव्हान्स चालेल, नसाल तर किती परत, हेही आधी लिहा. सूट म्हणून रक्कम कमी करण्यापेक्षा नवरीच्या आईचं क्लीनअप जोडून द्या. तुम्हाला वेळ आणि थोडा माल लागतो, आईला मात्र ते आठवणीत राहतं.

केसांच्या रंगाला "अमुक रुपयांपासून" लिहिलं तर भांडण होतं. काय करावं?

"पासून" हा शब्दच काढा. तीन लांब्या लिहा: खांद्यापर्यंत, पाठीच्या मध्यापर्यंत, कमरेपर्यंत. रूट टचअपला, म्हणजे फक्त मुळाशी वाढलेल्या केसांना, एक ट्यूब धरा. ६० ग्रॅमची ट्यूब एकास दीड प्रमाणात डेव्हलपरशी (रंग चढवणाऱ्या द्रवाशी) मिसळली तर ९० मिली डेव्हलपर लागतो. पांढरे केस दोन इंचांपेक्षा जास्त वाढले असतील तर दुसरी ट्यूब फोडावी लागते. ती फोडण्याआधी विचारा आणि किंमत सांगा. भांडण जास्तीच्या पैशाचं नसतं, नंतर सांगितल्याचं असतं.

६०० लिहावे की ५९९?

६००. ओळखीच्या माणसांच्या धंद्यात ५९९ दुकानी वाटतं, आणि रोख देणारीला एक रुपया परत द्यायला सुटे शोधावे लागतात.

"ताई, जरा कमी करा ना" म्हणणाऱ्यांचं काय? आणि नातेवाईक?

दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. "त्या बजेटमध्ये क्लीनअप छान होईल, फेशियल पुढच्या वेळी करू." एकदा दर उतरवला की तोच तिचा कायमचा दर होतो, आणि ती तो शेजारणीलाही सांगते.

नातेवाइकांसाठी एकच नियम करा आणि सगळ्यांना तोच लावा. सख्ख्यांना मालाचे पैसे, म्हणजे फेशियलचे १७५, आणि वेळ दुपारची. वहिनींना फुकट आणि जाऊबाईंना अर्ध्यात केलं की त्याचा हिशोब घरात निघतो.

पहिल्यांदा येणारीला सूट द्यावी का?

द्यावी, पण जुनीला डावलून नाही. "नवीन ग्राहकांना ३० टक्के" असा फलक वाचून पाच वर्षं येणारी बाई मनात खट्टू होते. ओळखीने आणणारी आणि येणारी दोघींना ५०-५० रुपये द्या, तेही पुढच्या भेटीत वळते होतील असे. पहिल्या भेटीतच दिले की दुसरी भेट होत नाही. आयब्रोचं कार्ड ठेवायचं तर नऊ वेळा पैसे, दहावी फुकट. बरोबर १० टक्के पडतात, आणि आयब्रोला एवढीच सूट परवडते.

डिस्काउंट ॲपवर यायला सांगतात. जावं का?

हिशोब करून. ६०० वर ४० टक्के सूट म्हणजे ३६०. ॲपने त्यावर २० टक्के घेतले तर २८८ हाती. माल १७५. राहिले ११३, सत्तर मिनिटांचे. नवं पार्लर उघडलं असेल तर दोन महिने, फक्त दुपारच्या वेळा आणि आठवड्याला ठरावीक संख्या घालून करता येईल. त्यात बसलेल्या क्लायंटपैकी किती जणी पूर्ण दरात परत आल्या हे मोजा. कोणीच आल्या नाहीत तर तिसरा महिना करू नका.

व्हॉट्सॲपवर ऑफर टाकते, पण कोणाला पोचतच नाही.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज जातो. बिल देताना तिच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करवून घ्या. महिन्याला दोनपेक्षा जास्त मेसेज नकोत. मेसेजमध्ये काम, दर, वार-वेळ, शेवटची तारीख, एवढंच. बडोद्यात गुजरातीत एक ओळ जरूर घाला, मराठी मैत्रिणीही ती वाचतात. क्लायंटचा आधी-नंतरचा फोटो तिला विचारल्याशिवाय टाकू नका.

जीएसटी लावायचा का? सूट दिली तर तो कशावर?

वर्षाची एकूण विक्री, म्हणजे सेवा आणि विकलेली क्रीम-शॅम्पू मिळून, २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी घेता येत नाही. काही जणी तो "लावायची पद्धत आहे" म्हणून लावतात, ते बेकायदा आहे.

नोंदणी असेल तर ब्यूटी सेवांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १८ ऐवजी ५ टक्के झाला आहे, पण मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून मालाची किंमत मांडताना करासकट धरा. बोर्डावर "सर्व करांसहित ६००" असेल तर त्यात कर २८ रुपये ५७ पैसे, तुमचे ५७१. बिलावरच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो, म्हणून सूट बिलात लिहा, तोंडी देऊ नका.

जाहिरातीत काय लिहू नये?

आधी दर वाढवून त्यावर काट मारायची आणि "५० टक्के सूट" लिहायचं, हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारात येतं. बिल न देणंही त्यातच येतं. "फ्री" लिहिलं आणि मग "किटचे पैसे द्या" म्हटलं, तर ते फ्री नाही. अटी असतील तर त्या ऑफरइतक्याच ठळक लिहा. "वांग कायमचा घालवतो" असलं काही कधीच लिहू नका. वांग, पुरळ, चट्टे घेऊन आलेलीला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. ती बरी होऊन तुमच्याकडेच येते.

दर वाढवायचे तर कधी आणि कसे?

दरवर्षी थोडे. तीन वर्षं थांबून एकदम ४० टक्के वाढवले की माणसं तुटतात. सणाच्या तोंडावर वाढवू नका, ते अडवणुकीचं वाटतं. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, देवदिवाळीनंतर नवा बोर्ड लावा. तीन आठवडे आधी आरशाजवळ चिठ्ठी: कोणत्या तारखेपासून कोणता दर. सगळा बोर्ड एकदम बदलू नका. ज्या कामांची मिनिटाची कमाई ४ च्या खाली आहे ती आधी उचला. पॅकेज घेतलेल्यांना जुनाच दर, हे त्या चिठ्ठीतच लिहा. मुलीला कमिशन देत असाल तर ते बोर्डाच्या दरावर की सूट वजा करून, हेही त्याच दिवशी तिच्याशी बोलून घ्या.

ऑफर चालली की नाही हे कसं ओळखायचं?

पार्लर भरलेलं दिसलं म्हणजे चालली असं नाही. वहीत सहा रकाने करा: तारीख, वेळ, नाव, काम, मिळालेली रक्कम, "नवी, जुनी की ऑफरची". ऑफर संपल्यावर तीन गोष्टी बघा. रिकाम्या तासांतली किती मिनिटं भरली. एरवी पूर्ण दरात येणाऱ्या किती जणींनी वार बदलून सूट घेतली. आणि ऑफरला आलेल्या नव्यांपैकी किती जणी ६० दिवसांत पूर्ण दरात परत आल्या. दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा निघाला, तर ती ऑफर पुढच्या वर्षी वेगळ्या वेळेला किंवा वेगळ्या कामावर लावून बघा.